आत्याच्या वाटेवरचे सात खांब

आमच्या गावात सिमेंट पहिल्यांदा आलं ते देवळासाठी नाही, शाळेसाठी नाही, विहिरीसाठीही नाही. ते आलं वाट अडवायला. जहागीरदारांनी सोलापुराहून गाडीवर पोती आणली, रेल्वेचे जुने रूळ तोडून सात खांब केले आणि गावाबाहेरच्या गाडीवाटेच्या तोंडावर एका रांगेत उभे केले. बघायला सगळं गाव लोटलं होतं. राखेसारखी पूड पाण्यात कालवायची आणि सकाळी तिचा दगड झालेला बघायचा, ही करामत लोकांना इतकी आवडली, की आपलीच वाट बंद होते आहे याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एका म्हातारीनं तर उरलेला घमेलंभर काला मागून नेला, त्याची चूल घातली आणि वाळायला अंगणाच्या मधोमध ठेवली. ती तिथंच जमिनीला धरली. पुढं ती म्हातारी अंगणातच भाकरी करायची.

जहागीरदारांचं म्हणणं होतं की वाटेच्या पलीकडं त्यांना मोसंबीची बाग लावायची आहे आणि तिला कुंपण हवं. खांबांना तार लागली. वर्षभरात बाग वाळली आणि तार गावानं थोडी थोडी करून नेली. धोतरं वाळत घालायला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती. खांब मात्र राहिले. दोन खांबांमधून माणूस जायचा, शेळी जायची, बैल अंग चोरून जायचा. गाडी जायची नाही.

बागेची जागा सोडली तर पलीकडं जमीन एकटीचीच होती. माझ्या आत्याची.

आत्या लवकर विधवा झालेली. तिच्याकडं सहा एकरांचा मळा, एक विहीर आणि दोन बैल होते. बैलांना ती थोरला आणि धाकटा म्हणायची. ते सख्खे भाऊ नव्हते, पण तिला त्याची पर्वा नव्हती. मोट ती स्वतः हाकायची. बाईमाणूस मोटेवर बसून गाणी म्हणते म्हणून गावानं पहिली दोन वर्षं नावं ठेवली. तिसऱ्या वर्षी तिची वांगी अणदूरच्या यात्रेत सगळ्यांच्या आधी संपली, तेव्हा गावानं नावं ठेवायची थांबवली. खांब आल्यापासून शेणखत डोक्यावरून आत न्यायचं आणि माल डोक्यावरून बाहेर काढायचा, असं चाललं होतं. सहा एकर डोक्यावरून वाहून न्यायला माणसाला किती डोकी लागतात? आत्याला एकच होतं, आणि ते तापट होतं.

जहागीरदारांचा कारभारी दर पंधरवड्याला तिच्याकडं यायचा. डोक्यावर काळी छत्री, पायात करकरणारे जोडे. म्हणायचा, "आक्का, कशाला हाल करून घेता? मळा सरकारांच्या हवाली करा. बदल्यात माळावरची बारा एकर घ्या. दुप्पट हाय की."

आत्या म्हणायची, "माळावर काय पिकतंय?"

"हवा चांगली हाय."

"मग तुमचे सरकार जाऊन राहू द्यात की तिथं. तब्येत सुधरंल."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या संस्थानात कारभार उर्दूत चालायचा, म्हणून तुळजापूरच्या शाळेत सगळं उर्दूतून शिकलो. मराठी लिहायला शिकलो ती चळवळीच्या चोरट्या पत्रकांवर. बार्शीच्या बाजूनं, संस्थानाची सरहद्द ओलांडून, ती कुणाच्या अंगरख्याच्या अस्तरात तर कुणाच्या ज्वारीच्या पोत्यात यायची आणि मी ती आत्याच्या कडब्याच्या गंजीत लपवायचो. त्यामुळं माझी लिहिण्यातली मराठी अजब झाली होती. मामांना खुशालीचं पत्र लिहिलं तरी शेवटी 'अंतिम विजय आपलाच आहे' असं लिहून जायचो. मामांनी एकदा घाबरून ते पत्र चुलीत घातलं आणि निरोप पाठवला, की पुन्हा खुशाली कळवू नये.

आत्याच्या वाटेचा अर्ज मात्र मी उर्दूत लिहिला आणि तहसिलीत दिला. तो चांगला साधला असावा, कारण वर्षभरानं हुकूम आला. त्यात वाट जुनी आणि वहिवाटीची आहे, असं स्पष्ट कबूल केलं होतं. आमचा आनंद तिथंच संपला. पुढं लिहिलं होतं, की अर्जदारानं खांब स्वतःच्या मेहनतीनं काढावेत. आठ दिवसांत काढावेत. तमाम सात काढावेत. लोखंड जहागीरदारांचं, तेव्हा ते न तोडता, न कापता, साबूत त्यांच्या दारात पोचवावं. आठव्या दिवशी तहसिलीचा तपासनीस, गिरदावर, पंचनाम्याला येईल. तोवर एकही खांब उभा राहिला, तर अर्जदाराला वाटेची गरज नाही असं समजण्यात येईल.

खरं तर दोन खांब काढले असते तरी गाडी गेली असती. 'तमाम सात' हे शब्द तहसीलदारांच्या डोक्यातून निघालेले नव्हते. ते छत्रीखालून निघाले होते.

मी हुकूम वाचून दाखवला तशी आत्या म्हणाली, "म्हंजे सात निघाले न्हाईत तर मळा गेला."

"वाट गेली, आत्या."

"वाट गेली म्हंजे मळाच गेला. कागद वाचणाऱ्यानं एवढं तरी समजून घ्यावं."

त्या दिवशी मी पत्रक लिहिलं. कार्बनचा कागद घालून पंधरा प्रती काढल्या. मथळा होता 'उठा!' आणि त्यापुढं मी सात उद्गारचिन्हं दिली होती, दर खांबाला एक. न्याय, स्वाभिमान, जुलमाची पाळंमुळं, सगळं त्यात होतं. फक्त येताना पहार आणा, एवढं लिहायचं राहिलं.

सकाळी तीसेक माणसं आली. माझी छाती फुगली. माणसं बांधावर ओळीनं बसली, तंबाखू मळली आणि माझ्याकडं बघू लागली. मग माझ्या ध्यानात आलं, की ती बघायलाच आली होती.

"पत्रकात 'उठा' लिहिलंय," मी म्हणालो.

"उठूनच आलोय की," एकजण म्हणाला.

त्यांना दोष देताना माझी जीभ तेव्हा फार चालायची. आता जरा कमी चालते. त्यांच्यापैकी अर्ध्यांची जमीन जहागीरदारांकडं वाट्यानं होती. हात लावला तर पुढच्या पेरणीला दुसऱ्याची पाभर चालली असती. म्हणून ते हात लावत नव्हते, सल्ला देत होते. सल्ल्यावर जहागीरदारांचा हक्क नव्हता.

मी आणि माझे दोन चुलतभाऊ कामाला लागलो. पहारी किराणा दुकानाच्या अप्पांनी दिल्या. अप्पा घरात कानडी बोलत, दुकानात मराठी. पहारी देताना माझा हात दाबून म्हणाले, "तम्मा, पोरा, मी दिल्या म्हणून सांगू नको. चोरून नेल्या म्हण." मी म्हणालो, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. ते म्हणाले, "मग तुझ्या तत्त्वाकडून पहार घे." मी पहारी चोरून नेल्या.

पहिला खांब खणायला घेतला. हातभर माती, त्याखाली मुरूम, आणि मुरमात बसवलेला सिमेंटचा गड्डा. सुरणासारखा दिसत होता, पण रांजणाएवढा. वर सडपातळ रूळ आणि खाली हे पोट. सिमेंट मुरमाच्या फटीफटीत शिरून बसलं होतं. दोन दिवस आम्ही त्याच्या भोवती खणत राहिलो. दोन दिवसांनी खांब हलायला लागला. नुसता हलायला. दुखऱ्या दातासारखा. इकडं ढकलला की तिकडं झुकायचा आणि वर काही यायचा नाही.

कारभारी रोज सकाळी यायचा, घोंगडी अंथरायचा, छत्री उघडायचा.

"वकीलसाहेब, किती झाले?"

"मी वकील नाही."

"मग अर्ज कुणी लिवला? सैतानानं?" आणि बांधावरची माणसं हसायची. माझ्या पत्रकानं न हललेली माणसं याच्या विनोदाला हसत होती, हे मला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी खांबाच्या वरच्या भोकातून दोर ओवला आणि आम्ही तिघं ओढू लागलो. रुळाला टोकाशी भोक असतंच, जोडपट्टी बसवायचं. ओढताना ठेका हवा म्हणून मी घोषणा दिली. पहिला भाऊ 'जय'ला ओढायचा, दुसरा त्याच्या पुढच्या शब्दाला आणि मी उद्गारचिन्हाला. दोर तुटला. तिघं एकमेकांवर पडलो. कारभाऱ्यानं छत्री बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

आत्या तोवर खांबांकडं फिरकली नव्हती. तिची भाजी तहानलेली, ती मोटेवर होती. त्या दिवशी संध्याकाळी ती आली, तुटलेला दोर बघितला, मला बघितलं.

"खांब कुठं जायाला पायजे?"

"बाहेर."

"वर जायाला पायजे. आडवं वढून वर कसा जाईल? मोट आडवी वढतात का?"

दुसऱ्या दिवशी तिनं विहिरीवरचं चाक उतरवलं. तीन जाड ओंडक्यांची उंच तिपाई खांबावर उभी केली, पाय बाभळीच्या बुंध्यांना आवळून बांधले, वर चाक बसवलं आणि मोटेचा जाड नाडा चाकावरून घेऊन खांबाच्या भोकातल्या लोखंडी कांबीला अडकवला. नाड्याचं दुसरं टोक थोरल्या-धाकट्याच्या जुवाला. एकदा मांडणी दिसली की ती इतकी सरळ होती, की मला चार दिवस का सुचली नाही याचं उत्तर मी आजवर कुठल्या पत्रकात वाचलेलं नाही. तो दिवस आणि पाचव्याची सकाळ बाकीचे सहा खांब मोकळे करण्यात गेली. आता वर ओढायला चाक होतं, म्हणून बुडापर्यंत न खणता सगळे नुसते हलते केले.

पाचव्या दिवशी दुपारी बैल जुंपले. आत्यानं हाळी दिली, बैल चालू लागले. नाडा ताठ झाला, चाक करकरलं आणि खांब वर यायला लागला. एक वीत. हातभर. गड्ड्याचं डोकं दिसलं. बांधावरची माणसं उभी राहिली.

तेवढ्यात बैल थांबले. आणि संथपणे, न सांगता, मागं पाऊल टाकत निघाले.

खांब धाडकन जागेवर गेला.

मोटेचे बैल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. विहिरीपासून उतरती धाव असते. बैल तिच्यावरून खाली चालत जातात, तेव्हा मोट भरून वर येते. धाव संपली की मोट थारोळ्यात सांडते, बैल थांबतात आणि उलट्या पावली पुन्हा वर चढतात, म्हणजे मोट परत विहिरीत जाते. दिवसाला शेकडो वेळा. थोरल्या-धाकट्यानं आठ वर्षं हेच केलं होतं. जगात पुढं गेलं की मागं यायचंच असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

पुन्हा जुंपले. पुन्हा हातभर वर, पुन्हा मागं. वेसण धरून पुढं ओढलं तर माना वर करून उभे राहिले. खांब वर असताना खाली दगड सरकवून बघितला. गड्डा त्याच्यावर तिरपा बसला आणि आणखी अडकला. पुन्हा हात घालायला मी वाकलो तर आत्यानं माझी कॉलर धरून मागं ओढलं. "हात गेला तर जहागीरदार दुसरा लावून देनार हाय व्हय?" दुसऱ्या कुणाचे नांगराचे बैल मिळतील का, म्हणून मी बांधावर विचारलं. बांधावरच्या सगळ्यांचे बैल त्याच आठवड्यात आजारी होते.

कारभारी डोळे पुसत म्हणाला, "आक्का, तुमचे बैल बी सरकारचेच निघाले. जरा पुढं जायाचं आन् लई मागं यायाचं."

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. मी तिला कधी घाबरलेली बघितलं नव्हतं. म्हणाली, "माळावर विहीर लागत न्हाय रं. तिथं बैलांना काय सांगू?"

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "अंतिम विजय..."

"गप बस."

सहाव्या दिवशी सकाळी जुंपताना ती नेहमीसारखं गाणं पुटपुटत होती. मोटेचं गाणं. मोट हाकणाऱ्याचं प्रत्येक गाणं धावेएवढंच असतं. बैल चालू लागले की कडवं सुरू, धाव संपता संपता कडवं संपतं आणि शेवटी आरोळी, 'सांडली रं!' ती ऐकली की बैल थांबतात. आत्या एकदम थांबली. बैलांकडं बघितलं.

"हे पावलं मोजत न्हाईत," ती म्हणाली. "हे गाणं ऐकत्यात."

"म्हणजे?"

"काल म्या मुकी हाकत हुते. तवा सवयीनं मागं आले. गाणं चालू ऱ्हायलं तर धाव संपली असं त्यांना कसं कळंल? गाणं संपवायचंच न्हाय."

तिनं नाड्याजवळ जाऊन गळा मोकळा केला आणि सुरुवात केली.

"चल माझ्या थोरल्या, वाट तुजी लांब,
मधी कुनी रवला गं रुळाचा खांब..."

बैल चालले. खांब हातभर वर आला. बैलांची पावलं जरा रेंगाळली. आत्यानं श्वास न घेता पुढची ओळ ओढली.

"रुळाच्या खांबाला सिमेटाचा गड्डा,
कारभारी बसलाया घालून अड्डा..."

बैलांनी कान हलवले आणि पुढं निघाले. आठ वर्षांत पहिल्यांदा ते थांबायच्या जागी थांबले नाहीत. जमिनीतून ओला, खरखरीत आवाज आला आणि तो रांजणाएवढा गड्डा मातीसकट बाहेर लोंबकळला. आम्ही त्याला काठ्यांनी बाजूला ढकलला, आत्या ओरडली, "सांडली रं!" आणि खांब बाजूच्या मातीवर अलगद आडवा झाला.

बांधावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कारभाऱ्याकडं बघून एक म्हातारा म्हणाला, "अड्डा. झ्याक जुळलं."

आता अडचण वेगळी होती. एक खांब काढायला पाचसहा कडवी लागत आणि तेच कडवं दुसऱ्यांदा म्हटलं, तर बैलांना धाव संपल्यासारखं वाटायचं आणि पावलं अडखळायची. म्हणून दरवेळी नवं हवं. आत्याच्या डोक्यात साठा मोठा होता, पण तोही संपत आला. दुसऱ्या खांबाला तिनं माझ्यावर केलं.

"भाच्यानं लिवलं कागूद लांबच्या लांब,
कागदानं हालंना एक बी खांब..."

बांध खो खो हसला. मी लाल झालो. खांब निघाला.

तिसऱ्याला ती गाता गाता माझ्याकडं वळली आणि हातानं खूण केली, दे काहीतरी. मी कवी होतो अशी माझी समजूत होती. ओरडलो, "जुलमी सत्तेच्या शृंखला तोडा!"

तिनं तोंड वाकडं केलं, चाल न सोडता त्याच सुरात म्हणाली, "शृंखला कळंना माझ्या बैलाला बाई, साखळी म्हनायाची जीभ भाच्याला न्हाई..." आणि बैल पुढं गेले. माझी चूकसुद्धा तिनं कडव्यात वापरून टाकली.

मग मी पत्रकातलं सगळं बाजूला ठेवलं आणि डोळ्यांसमोर जे होतं तेच जुळवायला लागलो. छत्री. जोडे. वाळलेली बाग. एक ओळ अशी जमली.

"जहागीरदाराच्या बागंत मोसंब्या किती?
सात झाडं वाळली, आठव्याला भीती..."

ही आत्यानं लांबवून, घोळवून म्हटली. बांधावरचा म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणाला, "ही लेकराची?" मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहिलेलं वाचलं. त्यानं वाचलेलं नव्हतं, त्याला वाचता येत नव्हतं. तरीही.

सहाव्या दिवशी तीन निघाले, सातव्या दिवशी तीन. कारभाऱ्यानं छत्री उघडी ठेवून चेहरा झाकून घेतला होता, पण जागा सोडली नव्हती. कडवी ऐकत होता. त्यातलं काय ऐकत होता ते आठव्या दिवशी कळलं.

आठव्या दिवशी एकच खांब राहिला होता, मधला, सगळ्यात जाड. त्याच्याभोवती पुन्हा खणण्यातच दुपार गेली. दिवस कलताना गिरदावर तट्टावरून आला. पान चघळत त्यानं सगळं बघितलं. तिपाई, बैल, बांधावरची माणसं. आज तर बायकासुद्धा आल्या होत्या. गावात कडवी पोचली होती आणि त्यांना पुढची ऐकायची होती.

"क्या तमाशा लगाके रखे जी?" गिरदावर म्हणाला.

कारभारी पुढं झाला. "साब, ही मानसं सरकारविरुद्ध गानी म्हंत्यात."

गिरदावरानं बैलांकडं बोट केलं. "गाना बैलां सुनते. तुम कायकू सुनते?" आणि दगडावर बसला. "सूरज डूबे तक देखूंगा. एक भी खडा रहा तो रस्ता खारिज."

आत्यानं सुरुवात केली. तिचा आवाज दोन दिवसांत फाटला होता. बैल चालले. खांब उठला. हातभर, दोन हात. गड्ड्याचा अर्धा भाग वर आला.

आणि कारभारी घोंगडीवर उभा राहून, बैलांकडं तोंड करून, मोठ्यानं ओरडला, "सांडली रं!"

बैल थांबले. मागं आले. खांब धाडकन खाली गेला.

मी गिरदावराकडं धावलो. "साहेब, ह्यांनी मुद्दाम..."

गिरदावरानं खांदे उडवले. "हुकूम में चिल्लाना मना है क्या?"

नव्हतं. मीच तो हुकूम वाचला होता. त्यात ओरडण्याबद्दल काही नव्हतं.

आत्यानं पुन्हा जुंपले. पुन्हा खांब अर्धा वर, पुन्हा कारभाऱ्याची आरोळी, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा आत्याचा आवाज निघालाच नाही. नुसती हवा निघाली. तिनं गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला होता. मी गायला सुरुवात केली. माझा आवाज कसा आहे ते सांगत नाही. धाकट्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, एवढं पुरे.

कारभाऱ्यानं छाती भरून श्वास घेतला.

तेव्हा बांधावरून कुणीतरी उठलं. ते किराणा दुकानाचे अप्पा होते. आठ दिवसांत त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की पहारी आपल्या नाहीत. मराठी कडवं त्यांना येत नसावं. ते हात वर करून कानडीतच ओरडले, "नडी! नडी!" म्हणजे चल, चल. त्यांच्या शेजारचा म्हातारा, मोसंबीच्या ओळीवर मांडी थोपटणारा, त्यांच्या सुरात सूर मिळवून ओरडला. मग त्याची सून. मग सगळा बांध.

"नडी, नडी, नडी, नडी..."

त्यात कुणी 'अड्डा' घातला, कुणी 'मोसंबी', कुणी नुसतीच बोंब. ताल कुठला होता सांगता येत नाही, पण तो थांबत नव्हता. कारभारी ओरडत होता. त्याचं तोंड उघडताना दिसत होतं, मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि ऐकायला काही येत नव्हतं. त्यानं छत्री मिटून बैलांसमोर हलवली. बैलांना छत्रीची सवय नव्हती, म्हणून ते आणखी जोरानं पुढं गेले.

सातवा खांब जमिनीतून निघाला तेव्हा सूर्याची कोर अजून दिसत होती. गिरदावरानं ती बघितली, खांब बघितला, पान थुंकलं आणि पंचनाम्यावर लिहिलं, तमाम सात.

साबूत लोखंड मालकाच्या दारात पोचवायचं, हेही हुकुमात होतं. आम्ही हुकूम पाळणारी माणसं. दुसऱ्या दिवशी सातही खांब, खाली गड्डे तसेच, ओंडक्यांवरून लोटत जहागीरदारांच्या फाटकासमोर नेले आणि एकाला एक लावून ठेवले. गड्डे फोडायचे असं हुकुमात कुठंही नव्हतं. आतून कुणी बाहेर निघेना, बाहेरचं कुणी आत जाईना. कारभारी भिंतीवरून ओरडला, "हे इथं कशाला?" मी त्याला हुकुमातली ओळ वाचून दाखवली, मोठ्यानं, उर्दूत, अगदी स्पष्ट उच्चार करून. मग भिंतीवरूनच त्याच्याकडून पोच घेतली. त्यानं ती दिली, कारण फाटक उघडत नव्हतं आणि आम्ही पोच मिळेपर्यंत हलणार नव्हतो.

मला वाटलं होतं, वाट उघडली म्हणून आत्या काहीतरी करील. नारळ फोडील, दोन शब्द बोलेल. मी दोन शब्द तयारही ठेवले होते. तिनं त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी जुंपली, तिच्यात शेणखत भरलं आणि निघाली. मी ऐटीत गाडीवर चढायला गेलो.

"उतर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "वजन नको."

मी मागून चालत राहिलो. जिथं खांब होते तिथं गाडी आली, पहिल्या खड्ड्यावरून गेली, दुसऱ्यावरून गेली आणि चौथ्यात डावं चाक खचकन बुडालं. ते खड्डे आदल्या संध्याकाळी मीच बुजवले होते. घाईत बुजवले होते. मनात पुढचं पत्रक लिहीत बुजवले होते.

आत्या खाली उतरली. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बोलायचा प्रयत्न केला, आवाज निघाला नाही. मग तिनं नुसतं बोटानं दाखवलं, आधी चाक, मग माझा खांदा, मग गाडीतलं फावडं.

मी चाकाला खांदा लावला. बांधाकडून दोनचार माणसं येताना दिसली. या वेळी त्यांच्या हातात तंबाखू नव्हती.